आकार दिलेल्या लेझर पल्सने रेणूला वळण देणे: प्रयोगाची पायरीपायरीने मांडणी

रेणूतला एक बंध तोडायचा आणि शेजारचा शाबूत ठेवायचा असेल, तर त्या बंधाच्या कंपनाला जुळणारी तरंगलांबी निवडून लेझर सोडला की झाले, असे १९७०च्या दशकात अनेकांना वाटत होते. तसे घडले नाही. एका बंधाला दिलेली ऊर्जा काही पिकोसेकंदांत (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) रेणूभर पसरते आणि शेवटी जो सर्वांत कमजोर बंध आहे तोच तुटतो. म्हणजे रेणू नुसता तापवल्यासारखेच झाले. यावरचा उपाय १९८५-८६च्या सुमारास दोन बाजूंनी सुचला. डेव्हिड टॅनर आणि स्टुअर्ट राइस यांनी योग्य अंतराने दोन पल्स सोडण्याची कल्पना मांडली. पॉल ब्रुमर आणि मोशे शापिरो यांनी एकाच अंतिम अवस्थेकडे जाणाऱ्या दोन वाटांमधल्या व्यतिकरणावर बोट ठेवले. १९९२ मध्ये रिचर्ड जडसन आणि हर्शेल राबिट्झ यांनी, योग्य पल्स कोणती हे प्रयोगालाच शोधू द्यावे असे सुचवले. १९९७ मध्ये केंट विल्सन यांच्या गटाने ते द्रवातल्या रंगद्रव्यावर आणि १९९८ मध्ये वुर्झबर्गच्या गुस्ताव गेर्बर यांच्या गटाने वायुरूप धातुसेंद्रिय रेणूंवर करून दाखवले.

तेव्हापासून उपकरणे पुष्कळ सोपी झाली, पण मूळ अडचण तीच राहिली आहे. पल्सचा आकार बदलला की तिची कमाल तीव्रता बदलते, आणि तीव्रता बदलली की जवळजवळ प्रत्येक रेणू काहीतरी वेगळे करतो. ‘नियंत्रण’ साधले असे वाटते, पण प्रत्यक्षात फक्त दिवा मंद-प्रखर केलेला असतो. पुढची सर्व मांडणी हा फरक ओळखता यावा या हेतूने केली आहे.

पुढचे आकडे एका ठरावीक मांडणीसाठी आहेत: मध्य तरंगलांबी ८०० नॅनोमीटर, पल्सची लांबी ३० फेम्टोसेकंद (पिकोसेकंदाचा हजारावा भाग; पुढे ‘फेसे’), सेकंदाला १००० पल्स, आणि ६४० पिक्सेलांचा दोन थरांचा द्रवस्फटिक मास्क (पल्समधल्या प्रत्येक रंगाला हवा तेवढा उशीर करणारी पट्टी). तुमचे आकडे वेगळे असतील तर याच रीतीने पुन्हा काढा.

मोजणीआधीचा एक नियम

प्रकाश क्षीण असेल, एकाच फोटॉनने उत्तेजन होत असेल आणि रेणू आजूबाजूपासून अलग असेल, तर उत्तेजित अवस्थेत किती रेणू गेले हे फक्त स्पेक्ट्रमवर ठरते, फेजवर (कोणता रंग लाटेच्या कोणत्या टप्प्यावर आहे यावर) नाही. मास्कवर काहीही लिहा, एकूण संख्या तीच राहील. फेजला काम करायला वाव मिळतो तो दोन किंवा अधिक फोटॉनांच्या प्रक्रियेत, किंवा पल्स चालू असतानाच रेणू हलून तिच्याशी पुन्हा आंतरक्रिया करतो अशा वेळी. परिसराशी जोडलेल्या मोठ्या रेणूंमध्ये क्षीण प्रकाशातही फेजचा परिणाम दिसल्याचे निष्कर्ष आहेत आणि त्यांवर वाद झाले आहेत. सुरुवात तिथून करू नका. आधी जिथे सिद्धांताचे उत्तर ठाऊक आहे तिथे उपकरण खरे बोलते का, ते पाहा.

शेपरचे गणित

फेम्टोसेकंदात उघडमीट करणारी झडप अस्तित्वात नाही. म्हणून पल्सला आकार देणारे उपकरण, म्हणजे शेपर, तिला वेळेत न घडवता रंगांत घडवते. पहिले ग्रेटिंग रंग वेगवेगळ्या कोनांत फाकवते. वक्र आरसा प्रत्येक रंगाला एका ओळीत स्वतःच्या जागी केंद्रित करतो. त्या ओळीवर मास्क असतो आणि तो प्रत्येक रंगाला हवा तेवढा उशीर करतो. पुढे दुसरा आरसा आणि दुसरे ग्रेटिंग रंग पुन्हा एकत्र आणतात. चारही अंतरे आरशाच्या नाभीय अंतराएवढी (एफ), म्हणून याला फोर-एफ मांडणी म्हणतात.

३० फेसेच्या गाउसीय पल्सला किमान १४.७ टेराहर्ट्झ, म्हणजे ८०० नॅनोमीटरपाशी सुमारे ३१ नॅनोमीटर रुंदीचा स्पेक्ट्रम लागतो. मास्कने याच्या तिप्पट पट्टा झाकावा. कमी झाकला तर स्पेक्ट्रमच्या कडा कापल्या जातात आणि पल्सला आगेमागे शेपट्या फुटतात. मिलिमीटरला १२०० रेषांचे ग्रेटिंग लिट्रो कोनाजवळ (ज्या कोनात प्रकाश आल्या वाटेनेच परत फिरतो), म्हणजे २८.७ अंशांवर ठेवले आणि नाभीय अंतर ५०० मिलिमीटर घेतले, तर नाभीय पातळीवर एक नॅनोमीटर ०.६८ मिलिमीटर जागा व्यापतो. १०० मायक्रोमीटरचा एक पिक्सेल असलेला ६४० पिक्सेलांचा मास्क ६४ मिलिमीटर लांब असतो. त्यावर ९३ नॅनोमीटर मावतात, म्हणजे जवळपास नेमके तिप्पट. एका पिक्सेलवर ०.१४६ नॅनोमीटर येतात.

आता किरणशलाकेची जाडी. एका रंगाचा ठिपका पिक्सेलपेक्षा बराच मोठा झाला तर शेजारच्या पिक्सेलांचे लिखाण एकमेकांत मिसळते. बराच लहान झाला तर पिक्सेलांमधल्या फटी त्रास देतात. आत येणाऱ्या शलाकेचा व्यास ५ मिलिमीटर असेल तर ५०० मिलिमीटर अंतरावर ठिपक्याचा व्यास सुमारे १०२ मायक्रोमीटर येतो. पिक्सेलला तो बरोबर जुळतो. शलाका ३ मिलिमीटरची असेल तर आधी दुर्बिणीने ती मोठी करा. ही पायरी गाळलेली दिसते आणि मग सूक्ष्म रचना मास्कवर लिहूनही पल्समध्ये उतरत नाही.

वेळेची मर्यादाही पिक्सेलवरूनच ठरते. एका पिक्सेलवरचे ०.१४६ नॅनोमीटर म्हणजे ०.०६८ टेराहर्ट्झ. त्याचा व्यस्त १४.६ पिकोसेकंद. म्हणजे तत्त्वतः मध्यापासून दोन्ही बाजूंना ७.३ पिकोसेकंदांपर्यंत पल्स सरकवता येते. पण कडेला जाताना तिची ताकद घटते आणि विरुद्ध बाजूला तिची प्रतिकृती उगवते. म्हणून दोन-अडीच पिकोसेकंदांच्या आत राहावे. चर्पचीही, म्हणजे पल्समधले रंग एकामागून एक येण्याचीही, हद्द आहे; चर्प द्वितीय क्रमाच्या फेजने मोजतात. शेजारच्या दोन पिक्सेलांमधला फेजफरक पायच्या आत राहायला हवा. पूर्ण पट्ट्याच्या कडेपर्यंत ही अट पाळायची तर द्वितीय क्रमाची फेज सुमारे ५०,००० फेसे वर्गांपर्यंत चालते. प्रत्यक्षात त्याच्या निम्म्यावर थांबा.

जुळवणी

लेन्सऐवजी दंडगोलाकार आरसे वापरा. लेन्समध्ये वेगवेगळे रंग वेगवेगळ्या अंतरांवर केंद्रित होतात, आणि काचही पल्स लांबवते. दंडगोलाकार आरसा फक्त आडव्या दिशेने केंद्रित करतो. त्यामुळे मास्कवर प्रत्येक रंगाची ५ मिलिमीटर उंच रेघ पडते आणि द्रवस्फटिक जळण्याचा धोका बराच कमी होतो.

सुरुवात मास्क न लावता करा.

१. संपूर्ण टेबलावर शलाकेची उंची एकच ठेवा. ग्रेटिंगच्या रेषा उभ्या हव्यात. शून्य क्रमाची आणि पहिल्या क्रमाची शलाका दोन मीटरवर एकाच उंचीला पडते का ते बघा. पडत नसेल तर ग्रेटिंग त्याच्याच पातळीत फिरवा. शून्य क्रमाच्या शलाकेला लगेच अडथळा ठेवा. तिच्यात बरीच ऊर्जा असते आणि ती हमखास विसरली जाते.

२. ध्रुवण आडवे, म्हणजे रेषांना काटकोनात ठेवा. बहुतेक ग्रेटिंगांची कार्यक्षमता त्याच दिशेत जास्त असते.

३. दुसरा आरसा आणि दुसरे ग्रेटिंग पहिल्यांचे प्रतिबिंब असल्यासारखे लावा. बाहेर पडलेली शलाका जवळ आणि तीन मीटरवर एकाच मापाची हवी.

४. कार्डाच्या कडेने शलाका हळूहळू झाका आणि स्पेक्ट्रोमीटर बघा. सर्व स्पेक्ट्रम सारखाच खाली यायला हवा. आधी लाल किंवा आधी निळी बाजू गेली तर शलाकेत रंग आडवे पसरलेले आहेत. दुसऱ्या ग्रेटिंगचा कोन किंवा आरशांमधले अंतर चुकले आहे. हा दोष मास्कने कधीच भरून निघत नाही. तो इथेच काढा.

५. दुसरे ग्रेटिंग सूक्ष्म सरकत्या बैठकीवर ठेवा आणि पातळ बीबीओ स्फटिकातून येणारा दुप्पट वारंवारतेचा प्रकाश जास्तीत जास्त होईल तिथे आणा. या मांडणीत अंतर १ मिलिमीटरने चुकले की द्वितीय क्रमाची फेज सुमारे १७०० फेसे वर्गांनी चुकते, आणि ३० फेसेची पल्स १६० फेसेची होते. ग्रेटिंग नाभीय अंतरापेक्षा दूर गेले तर चर्प ऋण, जवळ आले तर धन. बैठक १० मायक्रोमीटर अचूक असली की पुरे.

आता मास्क. तो नेमक्या नाभीय पातळीत आहे का, हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी एक बारीक तार मास्कच्या जागी उभी धरा आणि पुढेमागे सरकवा. स्पेक्ट्रममध्ये तिची खाच जिथे सर्वांत अरुंद आणि खोल दिसते तीच पातळी. मास्क तिथे बसवा.

पाहण्याचे उपकरण न घेता ८०० नॅनोमीटरच्या प्रकाशाजवळ जाऊ नका. डोळ्याला तो फिकट लाल दिसतो, पण दिसतो त्याच्या कित्येक पट ऊर्जा त्यात असते. या तरंगलांबीचा संरक्षक चष्मा ४०० नॅनोमीटरला चालेलच असे नाही. दोन्हींसाठी खात्री करा. अंगठी, घड्याळ काढून ठेवा. डोळ्यांच्या उंचीला एकही शलाका नको.

मास्कचे कॅलिब्रेशन

दोन गोष्टी ठाऊक हव्यात: कोणत्या पिक्सेलवर कोणता रंग पडतो, आणि किती व्होल्टेजला किती फेज मिळते.

पहिल्यासाठी एकेक अरुंद गट, समजा ४ पिक्सेलांचा, उघडा ठेवा आणि बाकी सर्व बंद करा. दर ४० पिक्सेलांवर स्पेक्ट्रोमीटरवर आलेले शिखर नोंदवा. या सोळा बिंदूंमधून द्वितीय घाताचा वक्र काढा. सरळ रेषा वापरली तर कडांना चूक राहते.

दुसऱ्यासाठी एक थर कमाल व्होल्टेजवर स्थिर ठेवा आणि दुसऱ्याचे व्होल्टेज टप्प्याटप्प्याने बदलत पुढच्या ध्रुवकातून येणारा प्रकाश मोजा. थरांचे अक्ष आडव्या ध्रुवणाशी अधिक आणि उणे ४५ अंशांवर असतात. म्हणून पार होणारा प्रकाश दोन थरांच्या फेजफरकाच्या अर्ध्याच्या कोसाइन वर्गाप्रमाणे वरखाली होतो, आणि पल्सला मिळणारी फेज ही दोन थरांच्या फेजची सरासरी असते. त्यामुळे फेज आणि तीव्रता वेगवेगळी हाताळता येते. एकच थर असलेल्या मास्कवर हे जमत नाही. चढउतारांतून फेज उलगडा. कमाल व्होल्टेजपासून मागे मोजत आलात तर गोंधळ होत नाही, कारण तिथे फेज जवळजवळ बदलतच नाही.

हे मोजमाप मधल्या एकाच रंगासाठी करून सगळ्यांना लावू नका. तीच जाडी ७५५ आणि ८४५ नॅनोमीटरला वेगळी फेज देते. या पट्ट्यात फरक १० टक्क्यांहून जास्त पडतो. द्रवस्फटिकाची फेज तापमानाबरोबरही सरकते. म्हणून मास्क चालू केल्यावर अर्धा-पाऊण तास थांबा आणि कॅलिब्रेशनच्या वेळचे तापमान लिहून ठेवा.

पिक्सेलांमधल्या सुमारे ३ मायक्रोमीटरच्या फटींतून जाणाऱ्या प्रकाशावर काहीच लिहिले जात नाही. विद्युतक्षेत्राच्या हिशेबात तो सुमारे ३ टक्के, आणि तो नेहमी मूळ वेळेलाच येतो. पल्स दूर सरकवली तरी मूळ जागी एक क्षीण पल्स उरलेली दिसते, ती हीच. दोन फोटॉनांच्या प्रयोगात तिचा त्रास नगण्य असतो, पण पंप-प्रोबमध्ये (एका पल्सने उत्तेजित करून दुसरीने तपासण्याच्या प्रयोगात) तिला खरा संकेत समजण्याची चूक होते.

नमुन्यापाशी फेज सपाट करा

संपूर्ण कामाचा पाया हाच आहे, आणि घाई नेमकी इथेच होते. शेपरच्या तोंडाशी पल्स ३० फेसेची असली तरी नमुन्यापर्यंत ती तशी पोहोचत नाही. ८०० नॅनोमीटरला फ्यूज्ड सिलिका मिलिमीटरमागे ३६ फेसे वर्ग फेज देते, बीके-७ काच सुमारे ४५, एसएफ-१० सुमारे १६०, पाणी सुमारे २५, हवा मीटरमागे सुमारे २०. ५ मिलिमीटर जाडीची एक साधी लेन्स २२० घालते आणि ३० ची पल्स ३६ ची करते. सूक्ष्मदर्शकाच्या वस्तुभिंगात आकडा हजारांत जातो. १००० फेसे वर्गांना पल्स ९७ फेसेची होते.

म्हणून मोजणी नमुन्याच्याच जागी करा: तीच लेन्स, नमुन्याच्या कुपीची तीच पुढची काच, आणि तिच्या मागे बीबीओ. स्फटिक ५० मायक्रोमीटर किंवा त्याहून पातळ घ्या. जाड स्फटिकात मूळ आणि दुप्पट वारंवारतेचा प्रकाश मिलिमीटरमागे सुमारे १९० फेसेनी एकमेकांपासून सुटतात. अर्ध्या मिलिमीटरचा स्फटिक स्पेक्ट्रमचा मधलाच भाग दुप्पट करतो आणि पल्स चांगली असल्याचा खोटा दिलासा देतो.

फेज काढायला मार्कोस डँटस यांच्या गटाने विकसित केलेली मिप्स (एमआयआयपीएस) पद्धत सर्वांत सोयीची, कारण तिला शेपर आणि स्पेक्ट्रोमीटर यांशिवाय काहीच लागत नाही. मास्कवर साइनच्या आकाराची फेज लिहा: उंची ५ रेडियन, वारंवारतेच्या अक्षावरचा गुणक ३० फेसे. ही लाट शून्यापासून चार पायपर्यंत १०० टप्प्यांत सरकवा आणि प्रत्येक टप्प्याला दुप्पट वारंवारतेचा स्पेक्ट्रम नोंदवा. लाटेची वक्रता पल्सच्या स्वतःच्या वक्रतेला जिथे खोडून काढते तिथे त्या रंगाचा प्रकाश सर्वाधिक येतो. पल्स सपाट असेल तर नकाशावर समांतर, एकमेकींपासून पाय अंतरावरच्या तिरप्या रेषा दिसतात. अंतरे असमान असतील तर द्वितीय क्रमाची फेज शिल्लक आहे. रेषांचा कल बदलत असेल तर तृतीय क्रमाची. या आकड्यांना मोजता येणारी कमाल वक्रता ४५०० फेसे वर्ग. त्याहून जास्त असेल तर आधी ग्रेटिंग सरकवून कमी करा. निघालेली फेज उलट चिन्हाने मास्कवर टाका आणि पुन्हा मोजा. तीन-चार फेऱ्यांत काम होते.

मग वेगळ्या पद्धतीने पडताळा. स्पेक्ट्रमवरून आदर्श ऑटोकोरिलेशन (पल्स स्वतःच्याच सरकत्या प्रतीशी ताडून तिची लांबी काढण्याचे मोजमाप) काढा आणि मोजलेल्याशी ताडून बघा. रुंदीत ५ टक्क्यांपेक्षा जास्त तफावत असेल तर पुढे जाऊ नका. एसएचजी-फ्रॉग (दुप्पट वारंवारतेच्या प्रकाशावरून पल्सचा आकार काढणारी पद्धत) वापरत असाल तर त्याला काळाची दिशा कळत नाही हे लक्षात ठेवा. १० मिलिमीटर सिलिका मध्ये घालून पुन्हा मोजले की चर्पचे चिन्ह ठरते. चिन्ह उलटे धरले तर पुढचे सर्व निष्कर्षही उलटे होतात.

पहिली परीक्षा: सीझियम

उत्तर आधीच ठाऊक असलेला प्रयोग म्हणून सीझियमच्या वाफेइतकी चांगली दुसरी परीक्षा नाही. १९९८ मध्ये वाइझमन संस्थेत यारॉन सिल्बरबर्ग यांच्या गटाने ती करून दाखवली. सीझियमचे ६एस ते ८एस (अणूच्या ऊर्जापातळ्या) संक्रमण दोन फोटॉनांनी होते आणि प्रत्येकाची तरंगलांबी ८२२.५ नॅनोमीटर. लेझर आणि शेपर या मध्यावर आणा. उत्तेजित अणू ७पी अवस्थेतून खाली येताना ४५५.५ आणि ४५९.३ नॅनोमीटरचा निळा प्रकाश देतात. तो लेझरपासून इतका दूर आहे की एक फिल्टर आणि फोटोमल्टिप्लायर पुरतात. कुपी तापवताना खिडक्या बाकीच्या भागापेक्षा थोड्या जास्त गरम ठेवा, नाहीतर धातू काचेवर जमतो.

संक्रमणाच्या अर्ध्या वारंवारतेच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावरचे दोन रंग मिळून एक जोडी बनते. जोडीतल्या दोन फेजची बेरीज हीच महत्त्वाची. मास्कवर या मध्याभोवती सममित कोसाइन लिहिली तर बेरीज दुप्पट होते. साइन लिहिली तर बेरीज शून्य. गुणक १५० फेसे ठेवा आणि लाटेची उंची शून्यापासून दीडपर्यंत वाढवा. कोसाइनला संकेत घसरत जातो आणि १.२ रेडियनपाशी जवळजवळ मावळतो. साइनला तो हलतच नाही.

हे मोलाचे का, ते पाहा. दोन्ही पल्स वेळेत जवळपास सारख्याच दिसतात. तोच उपपल्सांचा ताफा, तीच तीव्रता, तीच ऊर्जा. फरक फक्त उपपल्सांच्या परस्पर फेजमध्ये. तरी अणू एकीला प्रतिसाद देतो आणि दुसरी त्याच्यासाठी अंधार ठरते. इथे तीव्रतेचे कारण पुढे करताच येत नाही. तुमच्या उपकरणावर हे दिसले, तर मास्क, कॅलिब्रेशन आणि सपाट फेज ही तिन्ही बरोबर आहेत.

दिसले नाही तर कारणे ठरलेली आहेत. सममिती तरंगलांबीच्या अक्षावर घेतली, वारंवारतेच्या नाही, ही सर्वांत सर्रास चूक. दुसरे, मध्य किंचित सरकलेला आहे. लाट आडवी सरकवत संकेत नोंदवा, नीचतम बिंदू खरा मध्य दाखवतो. तिसरे, द्वितीय क्रमाची फेज उरली आहे. तृतीय क्रमाची उरली तर ती या मध्याभोवती प्रतिसममित असल्याने इथे दिसणारच नाही, म्हणून ही परीक्षा तिच्याबद्दल काही सांगत नाही. चौथे, स्पेक्ट्रमची शेपटी ८५२ नॅनोमीटरपर्यंत पोहोचते. तिथे सीझियमचे एका फोटॉनाचे संक्रमण आहे, आणि मधल्या पायरीवरून जाणारी ती वाट हिशेब बिघडवते. मास्कनेच ८४५ च्या वर आणि त्याचा जोडीदार असलेल्या ८०१ च्या खाली सर्व बंद करा.

द्रवातला रेणू: चर्पची फेरी

पुढचा टप्पा आयआर-१२५ या रंगद्रव्याचा. मिथेनॉलमध्ये ते ८०० नॅनोमीटरच्या जवळ जोरदार शोषण करते. १ मिलिमीटर जाडीच्या वाहत्या कुपीत शोषकता ०.३ ठेवा. त्यासाठी सांद्रता लिटरला सुमारे १.५ गुणिले १० चा उणे ५ वा घात मोल, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये जेमतेम १.२ मिलिग्रॅम. शोषकता जास्त ठेवली तर पल्सचा स्पेक्ट्रम कुपीतच बदलतो आणि मागच्या रेणूंना भलतीच पल्स मिळते. द्रव वाहताच हवा, कारण हे द्रव्य प्रकाशात लवकर विटते. ठिपका ०.१ मिलिमीटरचा आणि सेकंदाला १००० पल्स असतील तर प्रत्येक पल्सला नवा द्रव मिळायला वेग सेकंदाला १० सेंटिमीटर लागतो. मिथेनॉल विषारी आणि ज्वलनशील. हातमोजे घाला आणि पंपाच्या जोडण्या तपासा.

प्रतिदीप्ती ९० अंशांतून, ८८० नॅनोमीटरच्या पुढचेच सोडणाऱ्या फिल्टरमधून घ्या, नाहीतर लेझरचा विखुरलेला प्रकाश मोजाल. चर्प उणे ५००० ते अधिक ५००० फेसे वर्ग, २५० च्या टप्प्याने, म्हणजे ४१ बिंदू. क्रम यादृच्छिक ठेवा. ओळीने मोजले तर लेझरचा संथ सरकाव वक्राच्या रूपाने समोर येतो. हीच फेरी १, १०, ३० आणि १०० नॅनोज्यूलला करा. या रेणूचे शोषण इतके प्रबळ आहे की ०.१ मिलिमीटरच्या ठिपक्यात १०-१५ नॅनोज्यूललाच संपृक्तता सुरू होते. मायक्रोज्यूल ओतण्याची गरज नाही.

१ नॅनोज्यूलला रेषा सपाट यायला हवी. वरचा क्षीण प्रकाशाचा नियम तेच सांगतो. ती सपाट नसेल तर दोष उपकरणात आहे: चर्पबरोबर स्पेक्ट्रम बदलतो आहे किंवा शलाका हलते आहे. ऊर्जा वाढवली की वक्र एका बाजूला झुकतो. ऋण चर्पला, म्हणजे निळा आधी आणि लाल नंतर येतो तेव्हा, प्रतिदीप्ती घटते. निळ्या भागाने वर चढवलेला तरंगपुंज (रेणूची हलती अवस्था) घसरत जातो, वरच्या आणि खालच्या अवस्थांमधले अंतर कमी होते, आणि नेमका त्याच वेळी येणारा लाल भाग त्याला खाली ढकलतो. धन चर्पला लाल आधीच निघून गेलेला असतो. अधिक आणि उणे चिन्हाच्या पल्सची कमाल तीव्रता एकच असते. म्हणून दोन बाजूंमधला फरक हा रेणूच्या हालचालीचा पुरावा आहे, आणि वक्राचा सममित भाग निव्वळ तीव्रतेचा.

अल्गोरिदमला शोधू द्यायचे असेल तर

योग्य पल्स आधी ठाऊक नसते तेव्हा उत्क्रांतीच्या धर्तीचा अल्गोरिदम वापरतात. ५० पल्सांचा गट, प्रत्येकीचे मोजमाप, चांगल्यांचे संकर, थोडे उत्परिवर्तन, आणि सर्वोत्तम दोन-तीन जशाच्या तशा पुढे. द्रवस्फटिकाला स्थिर व्हायला २०० मिलिसेकंद आणि सरासरीसाठी ३०० पल्स धरले तर एका मोजमापाला अर्धा सेकंद लागतो. ८० पिढ्यांना ४००० मोजमापे, म्हणजे सुमारे ३३ मिनिटे. एवढा वेळ लेझर स्थिर राहायला हवा. प्रत्येक पिढीत सपाट पल्स एकदा मोजा आणि सर्व आकड्यांना तिने भागा. ती रेषा सरकत असेल तर प्रगतीचा आलेख कितीही सुंदर असला तरी टाकून द्या.

६४० पिक्सेल सुटे सोडू नका. शोधाचा प्रदेश अवाढव्य होतो, आणि पिक्सेलागणिक उडणारी फेज प्रकाश विखरून ऊर्जा वाया घालवते. चार-पाच पदांची बहुपदी किंवा साइन लाट यांतून सुरुवात करा. साइन लाटेत तीनच चल असतात आणि तिचे उत्तर वाचता येते: गुणक म्हणजे उपपल्सांमधले अंतर, उंची म्हणजे त्यांची ताकद. उंची १.४३ असली की मधली आणि तिच्या लगतच्या दोन्ही पल्स सारख्या ताकदीच्या होतात. रेणूत सेंटिमीटरला ५०० तरंगांचे कंपन असेल तर त्याचा आवर्तकाल ६७ फेसे. गुणक ६० पासून ३०० फेसेपर्यंत नेताना ६७, १३३, २०० ला संकेत उठला तर ते कंपन उत्तरात सामील आहे असे मानायला आधार मिळतो. या कारणासाठी अल्गोरिदमच्या अवघड उत्तरापेक्षा एका चलाची संथ फेरी बहुतेकदा जास्त शिकवते.

दोन उत्पादनांचे गुणोत्तर वाढवायला सांगितले तर अल्गोरिदम हमखास एक पळवाट शोधतो. पल्स इतकी पसरवतो की दोन्ही संकेत गोंगाटात बुडतात आणि भागाकार मनमानी मोठा येतो. छेदातल्या संकेताला किमान मर्यादा घाला, गोंगाटाच्या दहापट तरी. तिच्याखाली गेलेल्या पल्सला शून्य गुण.

उत्तर खरे आहे का

उत्तम पल्स मिळाली की खालील पडताळण्या त्याच दिवशी, तीच जुळवणी असताना करा. दुसऱ्या दिवशी त्यांचा उपयोग निम्माही उरत नाही.

पहिली: शोधात आलेल्या सर्व पल्सांसाठी नमुन्याचा संकेत आणि बीबीओचा संकेत यांचा एकमेकांविरुद्ध आलेख काढा. सर्व बिंदू एकाच वक्रावर बसले तर नियंत्रण तीव्रतेचे आहे, फेजचे नाही.

दुसरी: सपाट पल्सची ऊर्जा कमी करत जाऊन तेच गुणोत्तर मिळते का बघा. मिळाले तर आकाराची गरजच नव्हती.

तिसरी: मास्कवरच्या फेजचे चिन्ह उलटे करा, सपाट करणारी दुरुस्ती मात्र तशीच ठेवा. पल्स काळात उलटी होते आणि बीबीओचा संकेत बदलत नाही. रेणूचा बदलला, तर घटनांच्या क्रमाला महत्त्व आहे हे ठरले.

चौथी: नमुन्याशिवाय नुसते द्रावक.

पाचवी शेपरच्या एका अंगभूत दोषासाठी. फोर-एफ मांडणीत उशीर झालेली पल्स शलाकेच्या आडव्या दिशेनेही सरकते. या ग्रेटिंगला आणि कोनाला सरकण्याचा दर पिकोसेकंदामागे सुमारे ०.२७ मिलिमीटर. ५ पिकोसेकंदांना ५ मिलिमीटरची शलाका १.४ मिलिमीटर बाजूला गेलेली असते. नमुना लेन्सच्या नेमक्या नाभीत असेल तर हे सरकणे कोनात बदलते आणि ठिपका जागचा हलत नाही. नमुना थोडा पुढेमागे असेल तर पल्सचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या रेणूंवर पडतात, आणि फेजचा म्हणून जो परिणाम दिसतो तो जागा बदलल्याचा असतो. नमुना नाभीपासून अर्धा मिलिमीटर पुढे आणि अर्धा मिलिमीटर मागे नेऊन उत्तर टिकते का, ते बघा.